दुर्बिणीवरचा मोठा आकडा

दुर्बीण घ्यायला दुकानात गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘किती लांबचं दिसतं?’ मग दुकानदारही कपाटातली सर्वांत मोठ्या आकड्याची दुर्बीण पुढे करतो. त्याच दुर्बिणीतून ताडोब्यात पहाटे झाडीतलं सांबर बघायला जावं, तर दिसतो थरथरणारा, काळपट गोळा. दोष दुर्बिणीचा नसतो. हाताचा कंप आणि डोळ्याची बाहुली या दोन गोष्टींचा हिशेब खरेदीच्या वेळी कोणी केलेला नसतो.

दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×५० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल हे सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. वस्तू दहापट मोठी दिसते तेव्हा हाताचा कंपही दहापट मोठा दिसतो. शिवाय पट वाढली की दिसणारा टापू आकसतो. आठपटीच्या चांगल्या दुर्बिणीत हजार मीटरवरची साधारण १३० मीटर रुंदी एका नजरेत मावते, दहापटीत ती ११० च्या आसपास येते. फांदीवरून उडालेला पक्षी पुन्हा शोधताना हा फरक चांगलाच जाणवतो. दहापटीच्या वरची दुर्बीण नुसत्या हातात धरून स्थिर ठेवणं बहुतेकांना जमत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. दुर्बीण उजेडाकडे रोखून वीतभर लांब धरली, की डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाचं लहानसं वर्तुळ दिसतं. डोळ्यात शिरतो तो एवढाच प्रकाश. भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, तर २०×५० मध्ये जेमतेम अडीच. भर उन्हात डोळ्याची बाहुली स्वतःच दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकुंचन पावलेली असते, त्यामुळे तेव्हा फरक कळत नाही. म्हणूनच दुपारी दुकानाच्या दारात उभं राहून केलेली पारख फसते. झुंजूमुंजू झालेलं असताना किंवा दिवेलागणीला बाहुली विस्फारते, जास्त प्रकाश मागते, आणि अडीच मिलिमीटरची दुर्बीण तो देऊ शकत नाही. प्राणी हालचाल करतात ते नेमके याच वेळी.

ही गोष्ट युरोपातल्या शिकाऱ्यांना फार पूर्वी कळली. जर्मनीत रात्री मचाणावर बसणाऱ्यांची आवडती दुर्बीण ८×५६ ची, म्हणजे प्रकाशाचं वर्तुळ बरोबर सात मिलिमीटरचं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची वाट बंद होत गेली आणि दुर्बीण पक्षीनिरीक्षकांच्या गळ्यात आली. पण अंधाराचा हिशेब तोच राहिला. त्यात वयाचाही वाटा आहे. विशीतली बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडू शकते, साठीनंतर ती बऱ्याच जणांत पाचच्या पुढे जात नाही. मग निवृत्तीनंतर हौसेने घेतलेल्या जड ८×५६ मधला बराच प्रकाश डोळ्याबाहेरच सांडतो आणि मान मात्र दुखते. अशांना ८×४२ पुरते.

भिंगावरचा लेप हा दुसरा मुद्दा. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो, आणि दुर्बिणीत असे पृष्ठभाग डझनभर तरी असतात. १९३५ मध्ये झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी पातळ लेप देऊन ही गळती कमी करण्याची युक्ती काढली. आज चांगल्या दुर्बिणीवर असे अनेक थर असतात. जत्रेत मिळणाऱ्या दुर्बिणींची लालभडक भिंगं मात्र दिखाऊच म्हणायची. लाल प्रकाश बाहेर फेकला गेल्याने आतलं चित्र हिरवट दिसतं.

चष्मा लावणाऱ्यांनी डोळा आणि नेत्रिका यांच्यात किती अंतर ठेवता येतं ते बघावं. ते किमान पंधरा मिलिमीटर हवं, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल, तर आधी उजवं भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करावं. मग डावं झाकून उजव्या नेत्रिकेवरची कडी फिरवावी. दुर्बीण घेतल्यावर वर्षानुवर्षं ही कडी न फिरवणारे कितीतरी जण असतात. दोन नळ्या किंचित जरी वाकड्या असल्या, तरी डोळ्यांचे स्नायू ओढून दोन चित्रं एक करतात आणि अर्ध्या तासात डोकं ठणकू लागतं. पाच मिनिटं बघून दुर्बीण खाली घेताच डोळ्यांना हायसं वाटलं, तर ती दुकानातच ठेवलेली बरी.

एका डोळ्याने बघायचा स्पॉटिंग स्कोप वीस ते साठपट मोठं दाखवतो, पण त्याला तिपाई लागतेच. भिगवणला पाण्यापलीकडचे रोहित बघायला तो उत्तम. मात्र ऊन तापलं की मयूरेश्वरच्या माळावरची हवा लहरू लागते, आणि साठपटीत चिंकाऱ्याऐवजी त्या लहरीच मोठ्या दिसतात. तेव्हा पट कमी करावी किंवा सकाळी लवकर जावं.

एक धोका मात्र जन्माचा आहे. उडत्या घारीचा माग घेता घेता दुर्बीण सूर्यावर गेली, तर नुसत्या डोळ्यात जाणाऱ्या प्रकाशाच्या कितीतरी पट प्रकाश दृष्टिपटलावर एकवटतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, म्हणून भाजल्याचं तेव्हा समजत नाही, आणि गेलेली दृष्टी परत येईलच असं नाही. मुलांच्या हातात दुर्बीण देताना सूर्य पाठीमागे ठेवूनच द्यावी.

आणि पावसाळ्यात दुर्बीण चामड्याच्या पेटीत बंद करून माळ्यावर टाकू नये. ओल धरली की भिंगावर बुरशीचं जाळं पसरतं आणि लेपासकट काच खातं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ती ठेवावी आणि पुडी अधूनमधून बदलावी.