ट्रॅक्टरच्या सांगाड्याला तडा गेल्यास वेल्डिंग कसे करावे?

ऊस वाहतुकीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या सांगाड्याला किंवा ट्रॉलीच्या चासीला तडा जाणे ही नेहमीची तक्रार आहे. बहुतेक ठिकाणी तड्यावरून रॉडचा एक पदर फिरवून वर लोखंडी पट्टी मारतात. थोड्याच दिवसांत पट्टीच्या शेजारूनच नवा तडा डोकावतो. भरलेली ट्रॉली उतारावर असताना असा जोड सुटला, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही.

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरना ट्रकसारखी स्वतंत्र चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागील एक्सलचे हाउसिंग बोल्टने एकमेकांना जोडलेले असते व तोच ट्रॅक्टरचा सांगाडा. हे भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. याउलट ट्रॉलीची चासी, लोडरची चौकट आणि कल्टिव्हेटरचा सांगाडा सहसा मऊ पोलादाचा असतो. दोहोंची वेल्डिंगची रीत अगदी वेगळी असल्याने धातू कोणता हे आधी पाहावे. ड्रिल मारल्यावर पोलादाची गुंडाळलेली साल निघते, बिडाची भुकटी पडते. ग्राइंडर लावल्यास पोलादाच्या ठिणग्या लांब व पिवळसर, तर बिडाच्या आखूड व तांबूस दिसतात.

कामापूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्यात. अल्टरनेटरच्या ताराही काढाव्यात. अर्थिंगचा चिमटा तड्याच्या अगदी जवळ, खरवडून स्वच्छ केलेल्या जागी लावावा. तो दूर लावल्यास प्रवाह बेअरिंगमधून वाहतो आणि बेअरिंगवर खड्डे पडतात. हे नुकसान पुढे आवाज येऊ लागल्यावरच कळते! डिझेलची टाकी जवळ असल्यास काढून ठेवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ साठलेली असते. ट्रॅक्टर केवळ जॅकवर न ठेवता खाली लाकडी ओंडके द्यावेत.

पोलादी चौकटीचा तडा

तडा दिसतो तिथेच संपत नाही. रंग व ग्रीस काढून तड्यावर डिझेल लावावे, थोड्या वेळाने कोरडे पुसून वर खडू घासावा. आत मुरलेले डिझेल बाहेर येऊन तड्याची रेघ उमटते. तिच्या टोकाच्या किंचित पुढे ६ मि.मी. चे छिद्र पाडावे. टोक अणकुचीदार असते तोवर सगळा ताण तेथे एकवटून तडा वाढतो. छिद्रामुळे तो ताण विभागला जातो. वेळ वाचवण्यासाठी नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि केलेले काम वाया जाते.

नंतर तडा ग्राइंडरने सुमारे ६० अंशांच्या 'व्ही' आकारात तळापर्यंत उघडावा. वरवर भरलेले वेल्डिंग म्हणजे भेग झाकणे होय. वजन पेलणाऱ्या भागासाठी ई ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड वापरावा, मात्र तो कोरडा हवा. दमट रॉडने केलेला जोड आतून ठिसूळ होतो. तडा कडेला उघडत असेल, तर छिद्राकडून कडेकडे वेल्डिंग न्यावे. प्रत्येक पदरावरील मळी ठोकून व ब्रशने साफ करूनच पुढचा पदर द्यावा. पाणी मारून थंड करू नये.

पट्टी द्यायचीच असेल, तर तिची टोके निमुळती कापावीत. चौकटीला आडवी, सरळ कापलेली पट्टी त्याच रेषेवर नवा तडा आणते. पट्टीच्या लांबीच्या बाजूनेच वेल्डिंग करावे, आडव्या टोकांना करू नये.

बिडाचे भाग

बीड उष्णतेने ताणले की चटकन तडकते. निकेलचे रॉड वापरून एकावेळी सुमारे २५ मि.मी. एवढाच टाका घालावा, गरम असतानाच गोल हातोडीने हलके ठोकावे, आणि हात लावता येईल इतके निवल्यावर दुसरा टाका घालावा. काम झाल्यावर भाग कोरड्या राखेत किंवा वाळूत दाबून सावकाश थंड होऊ द्यावा. तेल मुरलेले बीड आधी तापवून तेल जाळून टाकावे, नाहीतर जोडात फुगे राहतात. बेअरिंगची बैठक किंवा दोन हाउसिंग जुळतात तो पृष्ठभाग फुटला असल्यास वेल्डिंगच्या नादी न लागता भाग बदललेला बरा. पुढील एक्सलचा आधार व ट्रॉलीचा हुक यांबाबतही हेच धोरण ठेवावे.

तडा कशामुळे गेला हेही त्याच वेळी शोधावे. सैल झालेले बोल्ट, क्षमतेपेक्षा जास्त भरलेली ट्रॉली आणि पुढे बसवलेला जड लोडर ही नेहमीची कारणे आहेत. दुरुस्तीनंतर ट्रॅक्टर काही तास कमी भाराने चालवून त्या जागी पुन्हा डिझेल व खडूची परीक्षा घ्यावी.