बाळाचा पहिला घास

आषाढ सरत आला की शिवारात खुरपणीची घाई सुरू होते. घरातील धडधाकट माणूस त्या दिवसांत घरी राहत नाही. बाळंतपणाला पाच-सहा महिने झालेली माउलीही खुरपे घेऊन शेतात जाते. बाळ बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत असते, नाहीतर घरी आजीच्या मांडीवर. दुपारी ते रडू लागले की त्याला वरणाचे वरवरचे पाणी, भाताची पेज किंवा चहात बुडविलेले बिस्किट मिळते. बाळ गप्प होते आणि आजीला वाटते, पोट भरले. दिवाळीच्या सुमारास अंगणवाडीच्या काट्यावर बाळाला ठेवले म्हणजे मात्र दिसून येते की, चार महिन्यांत त्याचे वजन नावालाच वाढले आहे. शेतातले पीक कमरेएवढे झाले. घरातले रोप मात्र जेथल्या तेथेच राहिले.

याचा दोष आपण दृष्टीला देतो, दात येण्याला देतो, कधी आईच्या दुधालाही देतो. खरे कारण बहुधा ताटलीत असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभरांतील ३५ बालके वयाच्या मानाने खुजी आहेत, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरांतील ६९ बालकांत रक्त कमी आहे. त्याच पाहणीत देशातील सहा ते तेवीस महिने वयाच्या बालकांपैकी केवळ ११ टक्क्यांच्या आसपास बालकांना पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले. उंची खुंटण्याचे प्रमाण याच वयात झपाट्याने वाढते आणि दोन वर्षांनंतर ही तूट भरून काढणे फार कठीण जाते. म्हणून बाळाचा पहिला घास हा शेतकरी कुटुंबाने पेरणीइतक्याच काळजीने विचारात घेण्याचा विषय आहे.

बीजातील शिदोरी

भाताचा दाणा रुजतो तेव्हा पहिली पाने फुटेपर्यंत रोप दाण्यातील साठ्यावर वाढते. तो साठा सरला की मुळांनी जमिनीतून अन्न घ्यावे लागते. बाळाचेही तसेच आहे. आईच्या पोटातून ते लोहाचा साठा घेऊन येते आणि तो सुमारे सहा महिने पुरतो. तोपर्यंत आईचे दूध हाच त्याचा संपूर्ण आहार होय. या काळात पाणी, गुटी, मध, वरचे दूध यांपैकी कशाचीही गरज नसते. भर उन्हाळ्यातदेखील आईच्या दुधातील पाणी बाळाला पुरते. औषध दिल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे.

सहा महिने पूर्ण होताच हिशेब बदलतो. आईच्या दुधात लोह फार थोडे असते आणि वाढत्या अंगाला लागणारी शक्तीही एकट्या दुधातून मिळत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज सुमारे २०० उष्मांकांचे अन्न लागते. नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि एक ते दोन वर्षांच्या वयात ५५० उष्मांकांचे. हे वरचे अन्न आईच्या दुधाला जोड म्हणून द्यावयाचे असते, त्याऐवजी नव्हे. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत व पुढेही चालू ठेवावे.

उष्टावणाचा मुहूर्त

आपल्याकडे मामाच्या मांडीवर बसवून, खिरीचे बोट लावून उष्टावण करण्याची सुंदर चाल आहे. पुष्कळ घरी मुलाचे उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात आणि मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करतात. परंतु पाचवा महिना हा फार लवकर आहे आणि आठवा फार उशिरा. मामाला सवड नाही किंवा मुहूर्त नाही म्हणून घास लांबणीवर पडतो, तो बाळाच्या अंगावरून जातो. मुलगा असो वा मुलगी, दोघांच्याही पोटाला एकच पंचांग लागू आहे: सहा महिने, म्हणजे १८० दिवस पूर्ण होताच सुरुवात करावी. समारंभ सोयीने करावा. घास मात्र वेळेवरच द्यावा.

पोट भरते, अंग भरत नाही

वरणाच्या पाण्यात डाळीचा सारा सत्त्वांश उतरतो, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. प्रत्यक्षात डाळ तळाशी राहते आणि बाळाच्या वाट्याला पिवळे पाणी येते. सहा महिन्यांच्या बाळाचे पोट एका वेळी वाटीभरच अन्न सामावते. ती वाटी पाण्याने भरली तर अन्नाला जागा कोठून राहणार? तेव्हा अन्न घट्टसर असावे. ओळखण्याची खूण सोपी आहे: चमचा तिरपा केला असता जे अन्न चटकन ओघळत नाही, ते योग्य. वरणभात, मऊ खिचडी, दुधातली नाचणीची लापशी, कुस्करलेली भाकरी व वरण हे सारे चालते. त्यात चमचाभर तूप किंवा तेल घालावे. एक ग्रॅम पिठातून चार उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तुपातून नऊ. म्हणजे वाटी तेवढीच राहून शक्ती वाढते.

धान्याबरोबर डाळ असावीच. धान्याच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत उणा असलेला घटक धान्यात असतो. आपल्या वरणभाताचे शहाणपण यातच आहे. घरचे पीठ करावयाचे झाल्यास चार भाग धान्य, दीड भाग भाजलेली डाळ व एक भाग भाजलेले शेंगदाणे एकत्र दळावे. शेंगदाणे नीट निवडावेत. बुरशी धरलेल्या, काळवंडलेल्या किंवा सुरकुतलेल्या दाण्यांत यकृताला अपायकारक असे विष असते आणि ते भाजल्याने जात नाही.

मोडाच्या पिठाची किमया

येथे एक अडचण येते. लापशी घट्ट केली तर लहान बाळाला गिळता येत नाही. पातळ केली तर तिच्यात अन्न उरत नाही. पीठ शिजताना पाणी शोषून फुगते, त्यामुळे असे होते. यावरील उपाय शेतकऱ्याच्याच घरात आहे. धान्याला मोड येतात तेव्हा दाण्यात पिष्टाचे तुकडे करणारा पाचक रस तयार होतो. त्या मोडाच्या पिठाचा अर्धा चमचा घट्ट लापशीत मिसळला की ती पाहता पाहता सैल होते, आणि पाणी न वाढविता बाळाला गिळता येते. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी या विषयावर बरेच संशोधन केले.

कृती अशी: गहू किंवा नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावी. सकाळी पाणी काढून ओल्या स्वच्छ फडक्यात एक-दोन दिवस बांधून ठेवावी. मोड आले की कडक उन्हात वाळवून, मोड चोळून काढावेत व दळून आणावे. लापशी सैल करण्यासाठी राखलेले हे पीठ भाजू नये. भाजल्याने पाचक रस नष्ट होतो. लापशी शिजली की चुलीवरून उतरवून जरा निवू द्यावी, पीठ घालून ढवळावे, सैल झाली की पुन्हा एक चांगली उकळी आणावी. हे पीठ कच्चे कधीही देऊ नये.

दोन इशारे येथे आवश्यक आहेत. ज्वारीचे मोड यासाठी वापरू नयेत. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते हे आपण जाणतोच. तोच दोष मोडांतही असतो. दुसरे असे की, पेरणीनंतर उरलेले औषध लावलेले बियाणे कोणत्याही परिस्थितीत खाण्यासाठी घेऊ नये, कितीही धुतले तरी नाही.

नाचणीचे विशेष सांगावयाचे तर, १०० ग्रॅम दाण्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो. गव्हात त्याचा आठवा-नववा हिस्सा. पण गाळून, निवळून केलेल्या सत्त्वात कोंड्याबरोबर यातील बराच भाग फेकला जातो. म्हणून सत्त्वापेक्षा सबंध नाचणीचे बारीक पीठ बरे.

वयाप्रमाणे आहार

सहा ते आठ महिने: दोन-तीन चमच्यांनी सुरुवात करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन ते तीन वेळा.

नऊ ते अकरा महिने: बारीक चिरलेले, कुस्करलेले, हातात धरून खाता येईल असे अन्न, तीन ते चार वेळा, आणि मध्ये एक-दोनदा फळ वा अन्य खाऊ.

एक ते दोन वर्षे: घरातील सर्वांचेच अन्न, कमी तिखट, वाटीभर, तितक्याच वेळा. त्याची ताटली वेगळी असावी, म्हणजे त्याने किती खाल्ले ते कळते.

रोजच्या घासात रंग असावा. लाल भोपळा, गाजर, पपई, आंबा, शेवग्याचा पाला, पालक यांपैकी जे परसात असेल ते शिजवून वा कुस्करून द्यावे. भाजीवर लिंबू पिळल्यास लोह अधिक अंगी लागते. अंडे नीट शिजवून सहा महिन्यांनंतर देता येते. काटे काढलेली मासळीही चालते. हे पदार्थ उशिरा दिल्याने त्यांची बाधा टळते, असे आता मानले जात नाही.

वर्षाच्या आत मध देऊ नये; त्यातून तान्ह्या बाळाला क्वचित घातक विषबाधा होते. वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नये व गाईम्हशीचे दूध आईच्या दुधाऐवजी देऊ नये. चहा मुळीच नको. तो लोह अंगी लागू देत नाही. सबंध शेंगदाणे, फुटाणे व द्राक्षे घशात अडकतात, म्हणून ती टाळावीत. दुधाच्या बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरावा. बाटलीचे बोंडले स्वच्छ राहत नाही. बाटल्या व बाळांच्या डबाबंद अन्नाच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती विनाकारण नाही.

भरविण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत आणि शिजविलेले अन्न दोन तासांच्या आत संपवावे. जुलाब झाले तरी अन्न व अंगावरचे दूध बंद करू नये. जलसंजीवनी द्यावी आणि आशा कार्यकर्तीकडून जस्ताच्या गोळ्या घेऊन चौदा दिवस पूर्ण द्याव्यात. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यावे.

ग्रामसेवकांनी काय करावे?

नवीन वाणाची खात्री शेतकऱ्याला व्याख्यानाने पटत नाही. शेजारच्या शेतातील प्रात्यक्षिकाने पटते. येथेही तेच करावे. अंगणवाडीत चार घरच्या आज्यांना बोलवावे. एकाच पातेल्यातील घट्ट लापशी दोन वाट्यांत घ्यावी, एकीत मोडाचे पीठ घालावे आणि काय होते ते त्यांनाच पाहू द्यावे. आई शेतात असताना घास आजीच्या हातचा असतो. म्हणून आजीला पटल्याखेरीज काहीही बदलणार नाही.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी घरी नेण्याचा आहार मिळतो. तो घरात सर्वांत वाटून न टाकता ज्याच्या नावाचा त्यालाच मिळावा. लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा, आणि नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस विसरू नये. वजन दर महिन्यास करावे. जन्माच्या वेळचे वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट व वर्षात तिप्पट व्हावे, असा ढोबळ अंदाज आहे.

शेवटी एक गोष्ट घरधन्यांसाठी. खुरपणीच्या दिवसांत दुपारी तासभर आईला घरी पाठविणे, किंवा बाळाला झोळीसह शेतात आणून सावलीत तिच्याकडून घास भरवून घेणे, यात एका ओळीची खुरपणी मागे पडेल. ती उद्या भरून काढता येते. बाळाच्या वाढीचे दिवस मात्र वाफसा गेलेल्या जमिनीसारखे असतात; हंगाम टळला की कितीही बी टाकले तरी उगवण पहिल्यासारखी होत नाही.