३३० फूट तारेत किती गुंठे?

ईश्वरपुरात (पूर्वीच्या इस्लामपुरात) काय किंवा वाळवा तालुक्यातल्या कुठल्याही गावात काय, प्लॉटचा भाव गुंठ्यावर ठरतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे ४० झाले की एकर. समजा, ६ गुंठ्यांचा एक काटकोनी प्लॉट आहे आणि त्याभोवती तारेचा एक पदर फिरवायला ३३० फूट तार लागली. लांबी-रुंदी कुणी सांगितलेली नाही, तरी ती काढता येते.

३३ फुटांचं एक माप धरू. चारी बाजू मिळून १० मापं, म्हणजे लांबी अधिक रुंदी ५ आणि त्यांचा गुणाकार ६. लांबी आणि रुंदी ही एका बहुपदीची मुळं, म्हणजे तिची किंमत शून्य करणाऱ्या संख्या, मानू. मुळांची बेरीज आणि गुणाकार हातात आले की बहुपदी तयार: क्ष² − ५क्ष + ६. बेरजेआधी वजा चिन्ह का, हे पाठ करण्यापेक्षा (क्ष − २)(क्ष − ३) हा गुणाकार एकदा वहीत करावा. मधल्या पदात दोन्ही वजा एकत्र होतात, शेवटच्या पदात त्यांचं अधिक होतं. मुळं २ आणि ३; प्लॉट ६६ बाय ९९ फूट.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त याची चटकन होणारी रीत आहे: बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची चौपट वजा केली की दोन संख्यांमधल्या फरकाचा वर्ग उरतो. २५ − २४ = १. बेरीज ५, फरक १, उत्तर तोंडी. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. १२०७चा शिलालेख तसं सांगतो.

मला मात्र ही रीत आवडते ती थाप पकडते म्हणून. त्याच ३३० फुटांत कुणी ७ गुंठे सांगितले तर? २५ − २८ = −३. फरकाचा वर्ग ऋण निघाला, म्हणजे असा प्लॉट जमिनीवर असूच शकत नाही. चौकोनात फार तर सव्वासहा गुंठे बसतात, तेही साडेब्याऐंशी फुटी चौरस आखला तर. (गोल आखला तर आठाच्या जवळ जातात, पण गोल प्लॉट पाडतो कोण!)

गुणाकार सातबाऱ्यावर असतो, हेक्टर-आरमध्ये. एक गुंठा म्हणजे साधारण १.०१ आर. बेरीज टेपने मोजून मिळते. विसार देण्याआधी दोन्ही ताडून पाहा.