आधी तारखा, मग विमान

युरोपच्या सहलीला संगीत महोत्सवाची जोड द्यायची, तर विमानाच्या तिकिटाआधी महोत्सवाच्या तारखा पाहाव्यात. इंग्लंडमधलं ग्लास्टनबरी शेतात भरतं. जमिनीला विसावा मिळावा म्हणून एखादं वर्ष ते होतच नाही, जसं २०१८ मध्ये झालं नाही. शिवाय फोटोसह आगाऊ नोंदणी केल्याशिवाय तिकीट मिळत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लंडनचा ‘प्रॉम्स’ निवडावा.

१८९५ मध्ये सुरू झालेला हा महोत्सव जुलैच्या मध्यापासून सुमारे आठ आठवडे चालतो. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मंचासमोरची जागा उभ्या श्रोत्यांसाठी मोकळी असते. त्याच दिवशी मिळणाऱ्या स्वस्त तिकिटावर तिथे सिम्फनी ऐकता येते, तीही व्हायोलिनवादकांची बोटं दिसतील इतक्या जवळून. दोनेक तास उभं राहायची तयारी मात्र हवी.