लग्नाच्या सीड्या संगणकात उतरवताना पैसे कुठे घालावेत?



घरातल्या लोखंडी पेटीत नाहीतर फडताळात लग्नाच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या तबकड्या तुम्ही जपून ठेवल्या असतील. आपण सगळ्यांना सीडीच म्हणतो. त्यांतल्या बऱ्याच डीव्हीडी असतात. त्या लावायचा प्लेअर बिघडून गेला, नव्या लॅपटॉपला तबकडीचा कप्पाच नाही, आणि मुले म्हणतात, "मोबाइलवर घालून द्या."

माझ्याकडे अशा एकतीस निघाल्या. काही गावोगावी दाखवलेल्या बीजप्रक्रियेच्या आणि ठिबकच्या, बाकी घरच्या. त्यांतली एक धाकट्या भावाच्या लग्नाची, 2007 सालची. तीत आमचे दादा फेटा बांधून वरातीपुढे चालताना दिसतात. दादा 2009 मध्ये गेले. त्यांचे हलते चित्र दुसरे कुठेही नाही. म्हणून हे काम अंगावर घेतले.

माझा संगणक जुना, दोन गाभ्यांचा. दोन तासांचे लग्न मोबाइलजोगे करायला त्याला अडीच तास लागत. तालुक्याच्या गावी एका दुकानदाराने सांगितले, एसएसडी बसवा आणि रॅम दुप्पट करा. मी मुकाट्याने पैसे मोजले. संगणक चटकन सुरू होऊ लागला खरा, पण लग्नाचे अडीच तास काही हलले नाहीत. दोष निम्मा त्याचा आणि निम्मा माझा, कारण अडते कुठे ते मी आधी पाहिलेच नव्हते. विहिरीला पाणी बेताचे असताना पाच अश्वशक्तीचा पंप बसवू नका, असे तुम्हाला तीस वर्षे सांगत आलो आणि स्वतः तेच केले!

तर नीट समजून घ्या. ही कामे दोन आहेत. पहिले, तबकडीवरचे चित्रण आहे तसे संगणकात उतरवून घेणे. दुसरे, ते लहान करून नव्या स्वरूपात बदलणे. दोन्हींची मदार वेगवेगळ्या भागांवर आहे.

उतरवण्याचा वेग ठरवतो तबकडी वाचणारा ड्राइव्ह. साधी डीव्हीडी 4.7 जीबीची. एकपट वेगाने ती पूर्ण वाचायला सुमारे 57 मिनिटे लागतात. बाहेरून जोडायचे पातळ ड्राइव्ह बहुधा 8 पट वेगाचे असतात, मोठ्या संगणकातले 16 पट. पण हा वेग तबकडीच्या बाहेरच्या कडेलाच मिळतो, मध्याशी तो निम्म्याहून कमी असतो. म्हणून 8 पटवाल्याला दहा मिनिटे धरा आणि 16 पटवाल्याला पाच-सहा. अगदी 16 पट वेगानेही सेकंदाला 22 एमबीच येतात. साधी हार्ड डिस्क त्याच्या कितीतरी पट सहज लिहिते. मग एसएसडीने काय फरक पडणार? पैसे घालायचेच तर मोठी साधी हार्ड डिस्क घ्या. चाळीस भरलेल्या डीव्हीडींना 188 जीबी जागा लागते.

खरा वेळ खातो तो बदल. डीव्हीडीवरचे चित्र एमपीईजी-2 या जुन्या पद्धतीचे असते, ते एच.264 मध्ये आणले की फाइल लहान होते आणि कोणत्याही मोबाइलवर चालते. हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. त्याचे गाभे म्हणजे शेतावरचे गडी. दोनाचे सहा झाले की काम झपाट्याने उरकते. आठाच्या पुढे मात्र डीव्हीडीसारख्या लहान चित्रात सगळ्यांना पुरेसे काम मिळत नाही, काही बांधावर बसून राहतात. तेव्हा सोळा गाभ्यांच्या मोहात पडू नका. रॅम 8 जीबी पुरे.

आणखी एक वाट आहे. इंटेलच्या 2011 पासूनच्या बऱ्याच प्रोसेसरांत आणि एनव्हिडियाच्या 2012 पासूनच्या अनेक ग्राफिक्स कार्डांत चित्रण बदलण्याची वेगळी सोय असते. तिने काम फार लवकर होते, पण तेवढ्याच दर्जासाठी फाइल मोठी होते, विशेषतः जुन्या पिढीच्या भागांवर. ठिबकच्या तबकड्या मी तशा केल्या. लग्न मात्र प्रोसेसरवरच, सावकाश केले. हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्रॅम दोन्ही प्रकारे चालतो. माणूस चालताना कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर त्यात डीइंटरलेसची खूण करा. विकत आणलेल्या सिनेमांच्या तबकड्यांना कुलूप असते. तो कायद्याचा मामला आहे, मी घरच्याच तबकड्यांविषयी बोलतो आहे.

पण वीस-पंचवीस तबकड्यांसाठी नवा संगणक घ्यावाच का? मळणी यंत्र आपण दोन दिवसांपुरते भाड्याने आणतोच ना! भावकीतल्या कुणा शिकत्या मुलाकडे सहा गाभ्यांचा संगणक असेल तर दिवसा सगळ्या तबकड्या उतरवून ठेवा आणि बदलाचे काम रात्रभर रांगेत लावा. मी पुतण्याच्या संगणकावर तेच केले. अडीच तासांचे काम अर्ध्या तासावर आले. लॅपटॉप असेल तर तो गोधडीवर ठेवू नका, पंख्यातली धूळ काढा. तापला की तो आपणहून वेग कमी करतो, एप्रिल-मेमध्ये तर हमखास. मोठ्या संगणकाला यूपीएस नसेल तर वीज गेली की त्या फाइलचे काम पहिल्यापासून.

दादांची तबकडी शेवटी घेतली, आणि नेमकी तीच वरातीपाशी अडली. ओरखड्यांवर वेग कामाचा नाही. मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसली, गोल नाही. तरी अडली. मग पुतण्याच्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, कारण एकाला न वाचता येणारी तबकडी दुसरा कधी कधी वाचतो. वेग कमी ठेवला. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला, पण वरात आली. फेट्याचा रंग थोडा उडालेला आहे, दादा मात्र स्पष्ट आहेत.

मूळ तबकड्या मी टाकल्या नाहीत. पाकिटात घालून उभ्या ठेवल्या आहेत, आणि फाइलींच्या दोन प्रती केल्या: एक माझ्याकडे, एक भावाच्या घरी.