पैसे जमा झाले, मग कसली भीती?

घरबसल्या साड्या, दागिने, फराळ किंवा वापरलेले मोबाइल ऑनलाइन विकणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुतून बसला आहे, आणि तो पुनःपुन्हा ऐकून वैताग येतो. फसवणूक होते ती खात्यातून पैसे जातात तेव्हा. पैसे आले तर घाबरायचं कशाला? पेमेंट आलं, माल गेला, विषय संपला. या समजाला अर्ध्या सत्याचा टेकू आहे, म्हणून तो सहजी हलत नाही. यूपीआयने किंवा आयएमपीएसने पाठवलेले पैसे पाठवणाऱ्याला स्वतःहून परत ओढता येत नाहीत, हे खरंच आहे. पण म्हणून त्या पैशांवर दुसऱ्या कुणाचा दावाच उरत नाही, असं नाही. पोलिसांच्या सूचनेवरून बँक ते पैसे तुमच्याच खात्यात अडकवून ठेवू शकते, आणि पुष्कळदा त्या रकमेबरोबर अख्खं खातंच फ्रीज होतं.

हे घडतं कसं? समजा, नागपुरातल्या एका निवृत्त गृहस्थांना गुंतवणुकीच्या बनावट योजनेत कुणी लुटलं. ते १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवतात. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या यंत्रणेतून ती तक्रार थेट संबंधित बँकेकडे जाते. तिथे पैसे शिल्लक नसतील, तर ते पुढे कोणत्या खात्यात गेले ते ती बँक नोंदवते आणि तक्रार त्या पुढच्या बँकेकडे सरकते; तिथून तिसऱ्या. या टप्प्यांना पोलिस आणि बँकवाले 'लेयर' म्हणतात. आता चोराची गरज लक्षात घ्या. खात्यातली रक्कम कधीही अडकेल हे त्याला ठाऊक असतं, म्हणून त्याला चटकन विकता येईल अशी वस्तू हवी असते: नवा मोबाइल, सोन्याचं नाणं, गिफ्ट व्हाउचर. ती तो तुमच्याकडून घेतो आणि लुटीचे पैसे तुमच्या खात्यात टाकतो. तुम्ही इमानेइतबारे माल पाठवता. यंत्रणेला पैशांचा माग दिसतो. त्यांच्या बदल्यात तुम्ही माल दिलात, हे तिला दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की गुन्हा ज्याने केला त्याचं खातं गोठवा, निर्दोष विक्रेत्याचं कसं गोठवता? आक्षेपामागचा संताप रास्त आहे, पण कायदा तसा नाही. महाराष्ट्र शासन विरुद्ध तापस नियोगी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितलं, की बँक खातं ही 'मालमत्ता' आहे आणि गुन्ह्याशी थेट संबंध असेल तर तपास करणारे पोलिस त्यावर टाच आणू शकतात. तेव्हा हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली होतं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ ने घेतली आहे. या कलमात खातेदार स्वतः आरोपी असला पाहिजे अशी अट नाही. तुम्ही निर्दोष असाल, आणि ते सिद्धही होईल. पण तोवर दुकानाचं भाडं, कुरिअरचं बिल आणि मुलांची फी त्याच खात्यात अडकलेली असते.

'अहो, पण रक्कम किरकोळ होती' हाही दिलासा खोटा आहे. दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एका फेरीवाल्याचं खातं १०५ रुपयांच्या एका संशयास्पद जमेमुळे गोठवलं गेलं होतं. त्याला थेट उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाने खातं मोकळं करून तेवढीच रक्कम अडकवून ठेवायला सांगितलं. केरळ उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये हेच म्हटलं होतं, की पोलिसांच्या सूचनेत जी रक्कम असेल तेवढीच बँकांनी रोखावी. संपूर्ण खातं गोठवण्याची पद्धत अन्यायाची आहे आणि ती बदललीच पाहिजे. मात्र हे निकाल खातं अडकल्यानंतर कामाला येतात. ते अडकू नये याची काळजी विक्रेत्यालाच घ्यावी लागते.

आणि इथेच या समजाचं सर्वांत घातक रूप समोर येतं: 'जास्त आलेले पैसे आपण लगेच परत पाठवून टाकले, म्हणजे आपण मोकळे.' समजा, ऑर्डर १२,५०० रुपयांची आहे आणि खात्यात येतात २७,५००. लगोलग फोन: 'ताई, भावाकडून चुकून जास्त गेले हो. दवाखान्यात आहे, खूप अडचण आहे. बाकीचे १५,००० या नंबरवर टाका ना.' प्रामाणिक माणसाला दुसऱ्याचे पैसे क्षणभरही ठेवून घेणं जड जातं, आणि चोराची सगळी मदार या सज्जनपणावरच असते. पेमेंटचा तपशील उघडून पाहिलात तर पैसे तिसऱ्याच नावाच्या खात्यातून आलेले दिसतात. ती व्यक्ती बहुधा फसवली गेलेलीच असते. चोराने तिला भलत्याच कारणासाठी तुमचा क्यूआर कोड पाठवलेला असतो. तुम्ही १५,००० चोराच्या नंबरवर टाकले की तुमच्या खात्याच्या नोंदीत चित्र असं उमटतं: लुटीचे पैसे इथे आले आणि इथून पुढे गेले. भाड्याने दिलेल्या खात्याचा, ज्याला पोलिस 'म्यूल अकाउंट' म्हणतात, त्याचा व्यवहारही हुबेहूब असाच दिसतो. पीडित व्यक्ती तक्रार करते तेव्हा पहिल्या लेयरला तुमचं नाव असतं आणि चोराचं दुसऱ्या. पेमेंट कार्डाने आलं असेल तर धोका दुहेरी: चोरलेल्या कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, बँक ती रक्कम चार्जबॅक करून तुमच्याकडून वसूल करते, आणि तुम्ही यूपीआयने 'परत' केलेले पैसे वेगळे जातात ते जातातच.

मग पैसे ठेवून घ्यायचे का? मुळीच नाही. चुकून मिळालेली रक्कम परत करण्याचं बंधन भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ मध्ये स्पष्ट आहे. प्रश्न फक्त वाटेचा आहे: पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने गेले पाहिजेत. गेटवेवरून आले असतील तर त्याच व्यवहारावर 'रिफंड' द्यावा. यूपीआय किंवा बँक ट्रान्सफरने आले असतील, तर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक देऊन आपल्या बँकेला लेखी कळवावं, ही रक्कम अनोळखी आहे आणि मूळ खात्यातच परत करायची आहे असं लिहावं, त्या अर्जाची पोच घ्यावी, आणि तोवर रकमेला हात लावू नये, मालही पाठवू नये. पलीकडून कितीही घाई झाली तरी. खरोखर चूक झालेल्या माणसाचं काम त्याच्या स्वतःच्या बँकेमार्फत होतं. फोनवर दिलेल्या दुसऱ्या नंबरची त्याला गरज पडत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: असा प्रत्येक गिऱ्हाइकावर संशय घेतला तर धंदा करायचा कसा? प्रत्येकावर घ्यायचा नाहीच. गिऱ्हाईक एक आणि पैसे पाठवणारं नाव दुसरं, एकाच ऑर्डरचे पैसे तीन-चार वेगवेगळ्या खात्यांतून तुकड्यातुकड्याने, भावाची घासाघीस अजिबात नाही पण आजच्या आज पाठवण्याचा हट्ट: यांतली एकच गोष्ट असेल तर विचारून घ्यावं, कारण नवऱ्याच्या खात्यातून पैसे देणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत. तिन्ही एकत्र आल्या तर थांबावं. ऑर्डर गेली तर एका नगाचा नफा जातो. खातं अडकलं तर महिन्याचा धंदा.

बाकीचे समज थोडक्यात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही; पिन टाकला की पैसे जातात, एवढंच होतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली 'कलेक्ट रिक्वेस्ट' बंद केली, पण क्यूआर पाठवून पिन टाकायला लावणारे थांबलेले नाहीत. स्क्रीनशॉट हा पेमेंटचा पुरावा नव्हे. हुबेहूब हिरवी खूण दाखवणारी बनावट ॲप आहेत. 'रक्कम जमा' असा मेसेजही साध्या मोबाइल नंबरवरून कुणीही पाठवू शकतं, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक स्वतः पाहावी. कार्डाचं पेमेंट ओटीपीने झालं तर चार्जबॅक येतच नाही, हेही खरं नाही.

काळजी घेऊनही खातं गोठलं, तर शाखेत जाऊन हुज्जत घालण्यात दिवस घालवू नयेत. रोखण्याची सूचना बँकेची नसते. बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या राज्यातल्या कोणत्या पोलिस ठाण्याकडून सूचना आली ते, आणि नेमकी किती रक्कम वादात आहे. त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला बिल, कुरिअरची डॉकेट, पार्सल पोहोचल्याची नोंद आणि गिऱ्हाइकाशी झालेलं संपूर्ण चॅट पाठवावं. म्हणून ऑर्डर पूर्ण झाली की चॅट पुसून टाकण्याची सवय आजच सोडायला हवी. वादातली रक्कम अडकवून बाकीचं खातं मोकळं करा, अशी मागणी वरच्या निकालांचा हवाला देऊन करावी. कलम १०६ नुसार जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ती कळवली आहे का, हे अर्जात विचारावं. उत्तर आलं नाही, तर त्याच दंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली अर्ज करता येतो.