पन्हा वाचकाच्या हातात

लेखमाला ‘पान बांधताना’ : भाग ६

कापडाच्या रुंदीला सोलापुरात पन्हा म्हणतात. माग केवढा, फणी केवढी, यावर पन्हा ठरतो. एकदा ताणा भरून धोटा धावू लागला की त्यात फरक होत नाही. चादर कुठल्या घरी जाणार, खाट केवढी असणार, याची चिंता विणकर करत नाही. खाट लहान असली तर चादर दुमडून घेतात, मोठी असली तर दोन अंथरतात. वेबपानाचं नेमकं उलटं आहे. त्याचा पन्हा विणणारा ठरवत नाही, उघडणाऱ्याच्या हातातला फोन ठरवतो. रांगा विस्कटलेली, बटणं अर्धी कापलेली, डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागणारी पानं बहुतेक वेळा हे विसरल्यामुळेच तयार होतात.

अक्कलकोट रस्त्यावरचं कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव आज कामगारांच्या वसाहतींमुळे ओळखलं जातं. विड्या वळणाऱ्या बायकांसाठी इथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या हस्तांतरणाला आले होते. त्यानंतर ३० हजार घरांचं रे नगर आलं. त्यातली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. एवढी घरं एका नकाशावर बांधता येतात, कारण मोजमाप बांधणाऱ्याच्या हाती असतं. त्या घरांतल्या फोनांचं मात्र तसं नाही. आईचा जुना फोन, मुलाचा नवा, दुकानातला टॅबलेट, शाळेतला संगणक, प्रत्येकाची रुंदी वेगळी.

समजा, इथल्या एखाद्या बचत गटाने आपण शिवलेल्या पिशव्यांसाठी एक पान केलं. वर फोटोची रुंद पट्टी, मधे सहा पिशव्या, खाली मागणी नोंदवायचा तक्ता. करणाऱ्या मुलाने ते १३६६ पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपवर बांधलं आणि तिथे ते झकास दिसलं. मग गटातल्या मावशींनी ते आपल्या ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर उघडलं. (हा पिक्सेल सीएसएसच्या, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेच्या, हिशेबातला. काचेवरचे खरे ठिपके त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात.) आख्खं पान आकसून काचेत बसलं होतं आणि अक्षरं मुंगीएवढी झाली होती. या भागात हे पान एकेक टाका उसवून दुरुस्त करायचं आहे.

आधी एक ओळ

मुंगीएवढ्या अक्षरांचं कारण २००७ सालात आहे. पहिला आयफोन आला तेव्हा जवळजवळ सगळी पानं संगणकाच्या पडद्यासाठी केलेली होती. म्हणून सफारी ब्राउझरने एक तडजोड काढली. पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरायचं, तसं मांडायचं आणि मग सगळं लहान करून दाखवायचं. बाकीच्या फोन-ब्राउझरांनीही हीच वाट धरली. पान फोनसाठी तयार आहे हे ब्राउझरला स्वतःहून कळत नाही, ते सांगावं लागतं. त्यासाठी पानाच्या डोक्यात ‘व्ह्यूपोर्ट’ नावाचा मेटा टॅग घालतात: रुंदी उपकरणाएवढी, सुरुवातीची पट एक. मुलाने ती ओळ घातली आणि अक्षरं वाचण्याजोगी झाली.

पण आता पान आडवं सरकू लागलं.

इथे बहुतेकांचा हात एका सोप्या औषधाकडे जातो. आख्ख्या पानाला ‘ओव्हरफ्लो-एक्स : हिडन’ लावायचं, म्हणजे बाहेर गेलेलं दिसेनासं होतं. दिसेनासं झालं तरी ते बाहेरच असतं. मागणीचं बटण त्या बाहेरच्या भागात असेल तर गिऱ्हाइकाला ते सापडणारच नाही. शिवाय वर चिकटून राहणारी पट्टी यामुळे चिकटेनाशी होऊ शकते. त्यापेक्षा उसवलेला धागा शोधावा. पानातल्या प्रत्येक घटकाभोवती तात्पुरती लाल ‘आउटलाइन’ ओढली की कोण कडेबाहेर गेलंय ते लगेच दिसतं. आउटलाइनच ओढायची, ‘बॉर्डर’ नाही. बॉर्डर स्वतः जागा खाते आणि तपासणीतच माप बिघडतं.

तीन आडमुठे

लाल रेघांनी तीन गुन्हेगार दाखवले. पहिला वरचा फोटो. त्याची रुंदी १२०० पिक्सेल, ती तशीच राहिली होती. ‘मॅक्स-विड्थ’ शंभर टक्के आणि ‘हाइट’ ऑटो, एवढ्यावर तो आपल्या चौकटीत बसला.

दुसरा मागणीचा तक्ता. त्याला शंभर टक्के रुंदी दिलेली, मग तो बाहेर का जावा? सीएसएसचा मूळ हिशेब असा की रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. आतली मोकळी जागा आणि किनार त्यावर चढते. ३६० ची चौकट, दोन्ही बाजूंना २०-२० ची मोकळी जागा, एकेक पिक्सेलची किनार, म्हणजे झाले ४०२. ‘बॉक्स-सायझिंग’ला ‘बॉर्डर-बॉक्स’ केलं की सगळं मिळून ३६० धरलं जातं. शिंप्याच्या भाषेत सांगायचं तर आता माप शिलाई धरून घेतलं. ही एक ओळ सगळ्या घटकांना लावून मगच कामाला लागायची सवय आज सर्वत्र रुळली आहे.

तिसरा शोधायला अवघड होता. पिशवीचं वर्णन आणि शेजारी किंमत, अशी एक फ्लेक्स-पट्टी होती. फ्लेक्समधले घटक जागा कमी पडली की आकसतात, पण आपल्यातल्या सगळ्यात लांब शब्दापेक्षा लहान व्हायला ते तयार नसतात. त्यांची किमान रुंदी आपोआप तेवढी धरलेली असते. मराठीत हे जास्त जाचतं, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. इंग्रजीत तीन-चार सुट्या शब्दांत येणारा मजकूर आपल्याकडे ‘विडीकामगारांसाठीच्या’ असा एकसंध येतो. अशा घटकाला ‘मिन-विड्थ’ शून्य द्यावी, म्हणजे पट्टी आटोक्यात येते. लांबलचक ईमेल पत्त्यासाठी ‘ओव्हरफ्लो-रॅप’ लावून तो कुठेही मोडू द्यावा. मथळ्यातला मराठी शब्द मात्र असा मधेच मोडला तर वाईट दिसतो, तिथे अक्षराचाच आकार लवचीक करणं बरं. ‘क्लॅम्प’ नावाची सोय त्यासाठीच आहे: किमान २२, कमाल ३८ आणि मधे पडद्याच्या रुंदीच्या पाच टक्के. ६०० पिक्सेलवर मथळा ३० चा होतो. ३६० वर पाच टक्के म्हणजे १८ भरतात, पण किमान मर्यादा त्याला २२ वर थांबवते.

सहा पिशव्यांचा हिशेब

पान आडवं सरकायचं थांबलं, पण पिशव्यांच्या तीन रांगा फोनवर चिंचोळ्या झाल्या होत्या.

रांगा लावायच्या पद्धतींना मोठा इतिहास आहे. सीएसएसची कल्पना हाकॉन व्यूम ली यांनी १९९४ साली मांडली. तरी पुढची कितीतरी वर्षं मांडणीसाठी लोक आकड्यांचा तक्ताच वापरत होते. त्यानंतर ‘फ्लोट’चा काळ आला. खरं तर फ्लोट फोटोभोवती मजकूर वाहावा म्हणून होता, पण त्यावर आख्खी पानं उभी केली गेली. २५ मे २०१० रोजी ईथन मार्कॉट यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात तीन गोष्टी एकत्र बांधल्या: टक्केवारीतले रकाने, लवचीक फोटो आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम बदलणाऱ्या मीडिया क्वेरी. या पद्धतीला त्यांनी रिस्पॉन्सिव्ह हे नाव दिलं. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत सीएसएस ग्रिड आली आणि वेबपानाला पहिल्यांदा खरा ताणा-बाणा मिळाला. उभे रकाने, आडव्या ओळी, आणि प्रत्येक घटक कुठल्या घरात बसेल ते सांगायची सोय.

मुलाने आधी मीडिया क्वेरी लिहायला घेतल्या होत्या: या फोनसाठी एवढे रकाने, त्या टॅबलेटसाठी तेवढे. बाजारात नवा फोन आला की ही यादी अपुरी पडते. ग्रिडमध्ये त्याऐवजी पिशवीची गरज सांगता येते. एका पिशवीला किमान २२० पिक्सेल हवेत, उरलेली जागा सगळ्यांनी सारखी वाटून घ्यावी, आणि रकाने किती ते ब्राउझरने ठरवावं. ‘ऑटो-फिट’ आणि ‘मिनमॅक्स’ या जोडीने हे एका ओळीत होतं.

आकडेमोड करून पाहता येते. कडेला १६-१६ ची जागा, दोन पिशव्यांत १६ चं अंतर. फोनवर ३२८ उरतात. दोन पिशव्यांना ४५६ लागतात, म्हणून एकच रकाना. ७६८ च्या टॅबलेटवर ७३६ उरतात. तिघींना ६९२ पुरतात, चौघींना ९२८ लागतात, म्हणून तीन. १२०० च्या चौकटीत ११६८ उरतात आणि पाच पिशव्या ११६४ मध्ये बसतात. चार पिक्सेल राखून का होईना, पाच बसल्या आणि सहावी खालच्या ओळीत एकटी पडली. गणित बरोबर, पण दिसायला ओशाळं. उपाय असा की पिशव्यांच्या चौकटीला कमाल ९०० ची मर्यादा घालावी. आत ८६८ उरतात, चौथी बसत नाही आणि तीन-तीनच्या दोन सरळ ओळी मिळतात.

शिरोरेषेची रांग

चौकटी सरळ झाल्या तरी मराठी पान वाकडं दिसू शकतं. ब्राउझर अक्षरं पायथ्याच्या रेषेवर उभी करतो. रोमन अक्षरं त्या रेषेवर उभीच असतात, देवनागरी मात्र वरच्या शिरोरेषेला लटकते. ‘कापडी झोळी’ मोठ्या अक्षरात आणि शेजारी ‘रु. २५०’ लहान अक्षरात ठेवलं की पाय जुळतात, पण शिरोरेषा पायरीसारखी तुटते. ‘अलाइन-आयटम्स : सेंटर’ केलं तर पाय आणि डोकं दोन्ही हुकतं. पिशवीचं नाव आणि किंमत एकाच आकारात ठेवून किंमत नुसती ठळक केली, आणि प्रश्न मिटला. दुसरा मार्ग म्हणजे किंमत सरळ खालच्या ओळीत न्यायची.

बटणांचंही तसंच. ४० पिक्सेल उंची पक्की केली आणि आत ‘सर्वांत नवीन पिशव्या’ लिहिलं. लॅपटॉपवर ते एका ओळीत होतं, फोनवर दोन ओळी झाल्या आणि दुसरी ओळ खाली कापली गेली. ‘र्वां’मध्ये वर रफार आणि अनुस्वार, ‘पि’मध्ये वेलांटी, शिवाय इतरत्र उकार आणि ऋकार. देवनागरीला वर-खाली जागा जास्त लागते. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून थोडी जास्त ठेवावी आणि बटणाला उंची देऊ नये, आतली मोकळी जागा द्यावी, म्हणजे ते मजकुराप्रमाणे वाढतं. ‘लेटर-स्पेसिंग’ वाढवायचा मोह टाळावा, शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे दिसतात. अरुंद रकान्यात दोन्ही कडा जुळवणारी ‘जस्टिफाय’ची मांडणीही नको. लांब मराठी शब्दांमुळे ओळीत दोनच शब्द बसतात आणि मधे भगदाड पडतं.

टंक बदलला की मापं बदलतात, हेही ध्यानात ठेवावं लागतं. विंडोजवर वर्षानुवर्षं दिसलेला मंगल हा टंक र. कृ. जोशी यांनी घडवला. अँड्रॉइडवर सहसा नोटो सॅन्स देवनागरी दिसतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे मुक्ता आणि बलू हे टंक पानासोबत मोफत पाठवता येतात. एकच वाक्य या चौघांत चार वेगवेगळ्या रुंदींचं भरतं. म्हणून शब्दाच्या मापावर बेतलेली कुठलीही पक्की रुंदी आज ना उद्या फसते.

पंचांग फोनवर कसं मावेल?

पिशव्या सुट्या असतात, त्या एकाखाली एक लावता येतात. तक्त्याचं काय? सोलापूरकरांना याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. दाते पंचांग सोलापुरातूनच निघतं. पंचांगाच्या पानावर तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगं, शिवाय वेळा, चंद्रराशी आणि तारखा दाटीने बसवलेल्या असतात. त्यात आडवी नजर एका दिवसाची आणि उभी नजर एका अंगाची. असे नऊ रकाने ३२८ पिक्सेलमध्ये कोंबले तर प्रत्येकाला जेमतेम ३६ येतात. त्यात ‘मूळ’ बसेल, ‘उत्तराभाद्रपदा’ बसणार नाही.

इथे आडवं सरकवणं गैर नाही, फक्त ते तक्त्यापुरतं असावं. तक्त्याला स्वतःची चौकट देऊन त्या चौकटीला ‘ओव्हरफ्लो-एक्स : ऑटो’ लावायचं. तारखेचा पहिला रकाना ‘स्टिकी’ करून जागेवर धरायचा, म्हणजे करणाच्या रकान्यापर्यंत गेलं तरी आपण कुठल्या दिवशी आहोत ते दिसतं. वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही हेच धोरण ठेवतात. २०१८ च्या आवृत्तीनुसार ३२० पिक्सेल रुंदीत पान आडवं न सरकवता वाचता आलं पाहिजे, पण तक्ते आणि नकाशे यांना त्यातून सूट आहे. ३२० हा आकडा फक्त लहान फोनांमुळे आलेला नाही. १२८० च्या पडद्यावर नजर अधू झालेल्या वाचकाने पान चारपट मोठं केलं की त्याच्या वाट्याला नेमके ३२० उरतात.

बचत गटाच्या पानाची शेवटची तपासणी त्याच आकड्यावर होते. ब्राउझरची खिडकी पूर्ण रुंद ठेवून तिची कडा हळूहळू आत ओढत ३२० पर्यंत आणायची आणि जिथे रांग मोडेल तिथे थांबून आकडा टिपायचा. मीडिया क्वेरी लिहायचीच असेल तर ती त्या आकड्याला लिहावी, फोनच्या नावाला नाही. मुलाने ओढून पाहिलं तेव्हा ३४१ वर एकच गोष्ट अडली. मागणीच्या तक्त्यात ‘पिन कोड’ आणि ‘गाव’ हे दोन रकाने शेजारी होते, आणि ‘कुंभारी’ लिहिल्यावर त्यातली री अर्धी लपत होती. ‘फ्लेक्स-रॅप’ने गाव खालच्या ओळीत गेलं.

वरचा फोटो चौकटीत बसला असला तरी त्याचं वजन अजून लॅपटॉपच्याच हिशेबाचं आहे. तो उतरेपर्यंत खालचा मजकूर उडी मारतो आणि बोट भलत्याच पिशवीवर पडतं. पुढच्या भागात त्या उडीचं कारण आणि तिचा बंदोबस्त पाहू.